जबड्यातला पांढरा ठिपका

आज मागं ट्रकच्या हॉर्नचा आवाज येईल, कारण मी येरमाळ्याहून बोलतोय आणि आमचं घर हायवेच्या जवळ आहे. धुळे-सोलापूर हायवे. एडिटमध्ये जेवढं निघालं तेवढं काढलंय, बाकीचं चालवून घ्या.

आजचा विषय आहे जबड्याचं हाड. दातांच्या डॉक्टरांकडे एक्स-रे काढला आणि हाडात मध्येच एक पांढराफटक ठिपका दिसला, तर त्याचा अर्थ काय? मी डॉक्टर नाही हे आधीच सांगतो. बीटेक केलंय, दिवसभर दुसऱ्यांनी लिहिलेल्या कोडमधल्या चुका शोधतो. पण गेल्या दीड वर्षात हा ठिपका आमच्या घरात दोनदा आला. एकदा माझ्या तोंडात, एकदा आईच्या. आणि दोन्ही वेळा आम्ही बरोबर उलटं वागलो. जिथं घाबरायचं कारण नव्हतं तिथं मी आठवडाभर नीट झोपलो नाही, आणि जिथं लगेच दवाखाना गाठायचा तिथं आम्ही दोन वर्षं लवंगेच्या तेलावर काढली.

माझ्यापासून सुरू करतो. पुण्यात अक्कलदाढ दुखायला लागली. डॉक्टरांनी ओपीजी काढायला सांगितला. ज्यांनी काढला नसेल त्यांच्यासाठी: तुम्ही हनुवटी टेकवून उभे राहता, मशीन तुमच्या तोंडाभोवती फिरतं, आणि या कानापासून त्या कानापर्यंतचा सगळा जबडा एका लांब चित्रात येतो. काढण्याआधी कानातलं, गळ्यातलं सगळं काढायला लावतात. ते उगाच नाही. कानातली रिंग तशीच राहिली तर तिची एक अंधूक सावली फोटोत विरुद्ध बाजूला, थोडी वर जाऊन पडते. म्हणजे रिंग डाव्या कानात आणि पांढरा डाग उजव्या जबड्यात! असं भूत बघून घाबरलेले लोक असतात म्हणे.

तर माझा रिपोर्ट व्हॉट्सॲपवर आला, रात्री अकरा वाजता. अक्कलदाढ आडवी आहे वगैरे ठीक. खाली एक ओळ होती: उजव्या बाजूला खालच्या दाढेच्या मुळाजवळ ‘वेल डिफाइन्ड रेडिओपॅक लिजन’. आता रात्री अकरा वाजता ‘लिजन’ हा शब्द वाचून आपल्यासारखा माणूस काय करतो? सर्च करतो. तिसऱ्या लिंकवर ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचा कॅन्सर.

इथं आमच्या भागाबद्दल एक सांगायला पाहिजे. येरमाळ्यापासून बार्शी जवळ. बार्शीत नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर हॉस्पिटल आहे. १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी तिथंच सुरू झाली, त्यात बार्शीबरोबर आपल्या जिल्ह्यातले भूम आणि परंडा हे तालुके होते. ही अभिमानाची गोष्ट आहे, पण तिचा एक परिणाम असा की आमच्याकडे कुणी नुसतं “त्याला बार्शीला नेलंय” म्हणलं तरी ऐकणारा पुढचं विचारत नाही. माझ्या डोक्यात त्या रात्री तो एकच शब्द फिरत होता. बार्शी.

आता थोडं थांबून ‘पांढरं’ म्हणजे काय ते बघू, कारण माझी निम्मी भीती या रंगाचीच होती.

एक्स-रेवरचा पांढरा हा रंग नाहीच. तो एक आकडा आहे. किरण तोंडातून आरपार जातात आणि पलीकडच्या सेन्सरवर पडतात. जिथं जास्त पोहोचले तिथं काळं, जिथं वाटेतच अडले तिथं पांढरं. कॅल्शियम किरणांना चांगलं अडवतं. म्हणून दाताचं वरचं कवच, इनॅमल, सगळ्यात पांढरं, त्याखालचा दात थोडा कमी, आणि हाड त्याहून करडं, कारण हाड आतून जाळीसारखं असतं. चांदी भरलेली दाढ तर एकदम दिव्यासारखी.

आमच्याकडं चैत्री पौर्णिमेला येडेश्वरीची यात्रा भरते, त्यात लोक चुन्याचे खडे वेचतात हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहिती असेल. लहानपणी मीही वेचलेत. काळ्या-तांबूस मातीत पांढरा खडा लगेच डोळ्यात भरतो, पण तो तिथं असणं म्हणजे जमिनीला काही झालंय असं नसतं. तिथं चुना जास्त साचलाय, एवढंच. जबड्यातला पांढरा ठिपका बहुतेक वेळा असाच असतो. त्या जागी हाड शेजारच्यापेक्षा दाट झालंय. आणि ‘लिजन’ हा शब्दसुद्धा डॉक्टर लोक खूप सैल वापरतात. शेजारच्या भागापेक्षा वेगळं दिसलं की लिजन. कंपाइलर देतो त्या वॉर्निंगसारखं घ्या. एरर नव्हे.

पण खरा प्रश्न इथंच आहे. दाट झालंय हे कळलं. का दाट झालंय?

याची उत्तरं बरीच आहेत. काही तर हाडाची नाहीतच. पूर्वी कुणी दाढ उपटली आणि मुळाचा तुकडा आत राहिला, तो पांढरा दिसतो. जिभेखालच्या लाळेच्या ग्रंथीत खडा झाला, तो पांढरा दिसतो. खालच्या जबड्याला आतल्या बाजूनं हाडाचे उंचवटे असतात काही जणांना, त्यांची सावली पडते. ओपीजी हे सपाट चित्र आहे, पुढचं-मागचं सगळं एकावर एक येतं, म्हणून गरज वाटली तर त्या एका दाताचा छोटा एक्स-रे काढतात, नाहीतर थ्रीडी स्कॅन, ज्याला सीबीसीटी म्हणतात.

मग येतं माझ्यासारखं प्रकरण. इंग्रजीत त्याला डेन्स बोन आयलंड म्हणतात, दाट हाडाचं बेट. पुस्तकी नाव इडिओपॅथिक ऑस्टिओस्क्लेरोसिस. इडिओपॅथिक म्हणजे कारण सापडलेलं नाही, हे जड भाषेत सांगणं. शंभरातल्या चार-दोन जणांच्या जबड्यात असं काहीतरी असतंच, बहुतेक खालच्या जबड्यात, दाढांच्या आसपास. शाळेच्या वयात कधीतरी तयार होतं, हाडांची वाढ चालू असेपर्यंत थोडंफार वाढू शकतं, मग थांबतं. दुखत नाही, सूज येत नाही, शेजारचा दात ठणठणीत असतो. करायचं काय? काही नाही. फार तर दातांना तारा लावायच्या असतील किंवा तिथं इम्प्लांट बसवायचं असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं, कारण त्या दगडासारख्या हाडातून दात सरकवताना किंवा भोक पाडताना त्रास होऊ शकतो.

हे मला कळलं कसं? ऑनलाइन नाही. लातूरला ओळखीतून एक डॉक्टर सापडले, ज्यांचं शिक्षणच ‘ओरल मेडिसिन अँड रेडिओलॉजी’ या विषयातलं. दातांच्या डॉक्टरांत ही वेगळी शाखा असते हे मला अठ्ठावीस वर्षं माहीत नव्हतं. त्यांनी फोटो बघितला आणि पहिला प्रश्न विचारला:

“याआधी कधी एक्स-रे काढलाय का?”

काढला होता! बीटेकच्या दुसऱ्या वर्षात दातांना तारा लावायचं ठरलं होतं, ओपीजी काढला, मग पैशाचं जमलं नाही आणि राहिलं. ती फिल्म घरी दहावीच्या मार्कशीटच्या फाइलीत होती. आईनं ठेवलेली. आई काहीही टाकत नाही, त्यावरून मी तिला किती बोललोय आजवर.

दोन्ही फोटो शेजारी लावले. ठिपका तेव्हाही होता. त्याच जागी, त्याच आकाराचा. नऊ वर्षांत काही बदल नाही. डॉक्टर म्हणाले, “कॅन्सर नऊ वर्षं गप्प बसत नाही.” विषय संपला. आपल्या भाषेत सांगायचं तर दोन व्हर्जनचा डिफ काढला आणि रिकामा आला. फक्त एक गंमत: मी उत्साहात पट्टी लावून मिलिमीटर मोजायला गेलो तर त्यांनी थांबवलं. ओपीजीत चित्र मोठं होऊन येतं आणि प्रत्येक मशीनमध्ये वेगळ्या प्रमाणात. म्हणून शेजारच्या दाढेच्या रुंदीच्या मानानं ठिपका केवढा, हे बघायचं.

त्यांनी दुसरं विचारलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. खालचा ओठ, हनुवटी बधिर वाटते का? मुंग्या येतात का? दात आपोआप हलायला लागलेत का? सूज वाढतेय का? जबड्याच्या हाडाचा कॅन्सर हा फार क्वचित होणारा आजार, पण झाला तर तो अशी काहीतरी खूण देतो. विशेषतः खालचा ओठ विनाकारण बधिर होणं. यातलं काही असेल तर वाट बघायची नाही. माझ्यात काहीच नव्हतं. मी मात्र आठ दिवस आरशात ओठ चिमटून बघत होतो, तेवढ्यानंच तो लाल झाला होता.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे पांढरं दिसलं तर सोडून द्यायचं. तसं नाही. एक खरी केस सांगतो, महाराष्ट्रातलीच, आणि जगभर बातमी झालेली.

२०१४ चा जुलै. बुलढाणा जिल्ह्यातला १७ वर्षांचा एक मुलगा. उजवा खालचा जबडा सुजलेला, दीड वर्षापासून. गावाकडं निदान झालं नाही. वडिलांना वाटलं हा कॅन्सर असावा, म्हणून ते त्याला मुंबईला जे. जे. रुग्णालयात घेऊन गेले. तिथं दंतविभागाच्या प्रमुख होत्या डॉ. सुनंदा धिवरे. निदान निघालं ओडोन्टोमा. म्हणजे दात तयार करणाऱ्या पेशींचं गणित चुकतं आणि एका दाताच्या जागी दातांचेच तुकडे तयार होत राहतात. ऑपरेशन जवळपास सात तास चाललं. आतला मुख्य गोळा इतका कठीण होता की छिन्नी-हातोडी वापरावी लागली. आणि छोटे छोटे मोत्यासारखे दात निघाले. किती? २३२.

दोनशे बत्तीस! ही बातमी तेव्हा आमच्या हॉस्टेलवर सगळ्यांनी हसत फॉरवर्ड केली होती. आता मला तिच्यातलं दुसरंच काहीतरी दिसतं. ते वडील माझ्यासारखेच घाबरले होते. ओडोन्टोमा कॅन्सर नसतो. बहुतेक वेळा तो एवढा मोठा होतही नाही. दहा-पंधरा वर्षांच्या मुलाचा एखादा पक्का दात येतच नाही, म्हणून एक्स-रे काढला की हिरडीच्या आत पांढऱ्या दाण्यांचा पुंजका दिसतो, भोवती बारीक काळी रेघ. तो काढला की बऱ्याचदा अडकलेला दात खाली यायला वाट मिळते. त्यामुळं घरात लहान भाऊ-बहीण असेल आणि एका बाजूचा दात आला, दुसऱ्या बाजूचा वर्ष झालं तरी आलाच नाही, तर “येईल की” म्हणून बसू नका.

आता आई.

आईची डावीकडची खालची दाढ दोन-तीन वर्षांपूर्वी ठणकायची. थंड पाणी लागलं की कळ. ती लवंगेचं तेल लावायची. मी फोनवर म्हणायचो, दाखवून घे. ती म्हणायची, “सोयाबीन काढणी झाली की बघू.” मग एक दिवस दुखायचं थांबलं. आपोआप. आम्हाला दोघांनाही वाटलं, बरी झाली.

माझा ओपीजी दाखवायला लातूरला गेलो तेव्हा तीही बरोबर आली होती, जुनी फिल्म जपून घेऊन. डॉक्टरांनी तिला सहज विचारलं, “मावशी, तुमचे दात कसे आहेत?” ती म्हणाली, “काय नाही, एक दाढ दुखायली होती, बंद झालं आता.” डॉक्टर खुर्चीतून उठले. दुखायचं थांबलं हे ऐकून माणूस उठतो हे मी पहिल्यांदा बघितलं.

त्यांनी कापसाचा बोळा एकदम थंडगार करून शेजारच्या दाढेला लावला. आई दचकली. मग त्या दाढेला लावला. काहीच नाही. “लावला का?” असं तिनं विचारलं. आतली नस मेली होती. थंड लागायचं थांबलं ते त्यामुळं. एक्स-रेमध्ये त्या दाढेच्या मुळाच्या टोकाशी पांढरा ढग होता. माझ्यासारखाच पांढरा, कदाचित जरा पसरट. याचं नाव कंडेन्सिंग ऑस्टिआयटिस. मेलेल्या किंवा मरायला लागलेल्या दाढेतून जंतूंचा त्रास हळूहळू हाडापर्यंत झिरपतो आणि हाड त्याच्याशी लढताना स्वतःला घट्ट करून घेतं. जोर जास्त असला तर हाड विरघळतं आणि एक्स-रेत काळं दिसतं. जोर कमी, पण सतत असला तर असं पांढरं. सगळ्यात जास्त होतं ते खालच्या पहिल्या मोठ्या दाढेला, जी सहाव्या वर्षी येते आणि आयुष्यभर सगळ्यात जास्त राबते.

म्हणजे बघा, दोन माणसं, एकाच दिवशी, एकाच टेबलावर, दोघांच्या जबड्यात पांढरं. मला काहीच करायचं नाही, तिला रूट कॅनल पाहिजे, नाहीतर दाढ काढायला लागेल. फोटोतल्या त्या पांढऱ्या भागाकडं बघून हा फरक मला तर दिसला नाहीच. फरक होता शेजारच्या दाढेत, ती जिवंत आहे की मेली यात. आणि ते फोटोत नसतं, त्याला कापसाचा बोळा लागतो.

म्हणूनच ओपीजीचा मोबाइलवर फोटो काढून ग्रुपवर किंवा एखाद्या एआय चॅटमध्ये टाकून “हे काय आहे” विचारणाऱ्यांना मी आता थांबवतो. मी स्वतः हेच केलं होतं. मला सहा शक्यतांची यादी मिळाली, भाषा अगदी सफाईदार. पण त्याला दाढ थंड करून बघता येत नाही, आणि तुमच्या आईच्या कपाटातली फिल्मही त्याच्याकडं नसते.

याची उलटी चूकही होते, आणि ती मला जास्त भीतीदायक वाटते. एक प्रकार आहे, सिमेंटो-ऑसिअस डिस्प्लेशिया. नाव जाऊ द्या. मुख्यतः तिशी-चाळिशीच्या पुढच्या बायकांमध्ये दिसतो, खालच्या पुढच्या दातांच्या मुळांशी. सुरुवातीला काळं दिसतं, मग मध्ये पांढरं भरत जातं. सुरुवातीचा काळा टप्पा बघून कुणी घाईनं पू समजलं तर चांगल्या, जिवंत दातांचं रूट कॅनल होऊन जातं. आणि नंतरच्या टप्प्यात त्या घट्ट भागाला रक्तपुरवठा कमी असतो. तिथं विनाकारण दात उपटला, तुकडा काढला, इम्प्लांट घातलं, तर जखम भरत नाही आणि हाडात जंतू शिरतात. म्हणजे तिथं हात न लावणं हाच उपचार, आणि अधूनमधून फोटो. म्हणून कुणी तीन-चार पुढच्या दातांचं एकदम रूट कॅनल सुचवलं तर नम्रपणे एवढंच विचारा, “डॉक्टर, हे दात जिवंत आहेत का, तपासलं का?” चांगला डॉक्टर चिडत नाही या प्रश्नावर.

आणि क्वचित, अगदी क्वचित, जबडा पोटाबद्दल सांगतो. जबड्यात हाडाच्या अनेक गाठी, शिवाय जादाचे दात, आणि घरात कुणाला तरुण वयात आतड्याचा कॅन्सर झालेला, असं जुळून आलं तर गार्डनर सिंड्रोमची शंका घेतात. १९५० च्या दशकात अमेरिकेत युटामधल्या एल्डन गार्डनर यांनी एका कुटुंबावर अभ्यास करून हे मांडलं. तिथं मग आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करतात. एकच ठिपका असलेल्यांनी हे ऐकून पोट चाचपायची गरज नाही.

एक गोष्ट मात्र आज सांगितल्याशिवाय राहवत नाही. लातूरच्या डॉक्टरांनी आईचा एक्स-रे बघण्याआधी टॉर्च लावून तिचे गाल, हिरड्या, जिभेखालची जागा बघितली. कारण आई मिश्री लावायची. आता सोडलीय, पण वीस वर्षं लावलीय. ते म्हणाले, लोकांचा ‘पांढरा डाग’ या शब्दात घोळ होतो. हाडातला पांढरा ठिपका एक्स-रेत दिसतो आणि लोक घाबरतात, तो बहुतेक वेळा निरुपद्रवी. गालाच्या आतला, पुसला न जाणारा पांढरा चट्टा उघड्या डोळ्यांना दिसतो, दुखत नाही, म्हणून लोक दुर्लक्ष करतात, आणि तंबाखू, मिश्री, गुटखा खाणाऱ्यांत त्याचाच पुढं कॅन्सर होऊ शकतो. आणि गालातला हा चट्टा एक्स-रेत दिसतच नाही. गावात हे ऐकवण्यासाठी मी हा भाग केलाय असं म्हटलं तरी चालेल. तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर दाखवा. गुटखा खाणाऱ्या मित्रांनो, आत्ता ऐकताऐकता तुमची तीन बोटं एकमेकांवर उभी धरून दातांमध्ये घालून बघा. जात नसतील तर तोंड आखडायला लागलंय. ते दाखवायला मुंबई, नागपूर, संभाजीनगरला सरकारी दंत महाविद्यालयं आहेत, आणि आपल्याला बार्शी आहे. त्या नावाला मी आता घाबरत नाही.

आईचं रूट कॅनल झालं, तीन चकरांत. वर कॅप बसवली. ती कॅप एक्स-रेत एवढी पांढरी दिसते की बाकीचं फिकट वाटतं. गेल्या महिन्यात वर्ष झालं म्हणून परत एक छोटा एक्स-रे काढला. ढग पातळ झालाय, पूर्ण गेलेला नाही. बहुतेकांत तो कमी होतो, काहींत थोडा राहतोही, खुणेसारखा, त्याचं काही नाही असं डॉक्टर म्हणाले. आईनं तो फोटो माझ्या दोन ओपीजींबरोबर त्याच फाइलीत ठेवला, मार्कशीटच्या मागं.

ठेवताना म्हणाली, “माझं तर कमी व्हायलंय. तुझा गेला का खडा?”

म्हटलं, “नाही गं, तो आहे तिथंच आहे.”

“मग राहू दे,” म्हणाली, आणि कपाट लावलं.